मूल झाल्यावर फंक्शनल फिटनेसचा पहिला क्लास: काय सांगायचं, किती उचलायचं, कुठे थांबायचं

फंक्शनल फिटनेस म्हणजे उचलणं, वाकणं, धावणं अशा रोजच्या हालचालींचा व्यायाम. क्लासमध्ये शिरलं की समोर फळा असतो आणि त्यावर त्या दिवसाचं काम लिहिलेलं असतं. समजा, 'एमरॅप १२: २०० मीटर रन, १० केटलबेल स्विंग १६ किलो, ८ बर्पी'. म्हणजे १२ मिनिटांत हे तिन्ही ओळीने करत राहायचं आणि किती फेऱ्या झाल्या ते मोजायचं. केटलबेल म्हणजे वर मूठ असलेला लोखंडी गोळा, तो पायांमधून पुढे झुलवणं म्हणजे स्विंग; बर्पी म्हणजे वाकून हात टेकायचे, पाय मागे टाकायचे आणि उठून उडी मारायची. 'ईमॉम' असेल तर दर मिनिट सुरू होताना ठरलेला आकडा पुरा करायचा आणि उरलेल्या सेकंदांत दम खायचा. 'फॉर टाइम'मध्ये काम ठरलेलं असतं, ते किती वेळात संपतं ते बघायचं. 'टबाटा' म्हणजे २० सेकंद जीव तोडून काम, १० सेकंद विश्रांती, असं आठ वेळा; एकूण चार मिनिटं, पण ती सरता सरत नाहीत. 'आरएक्स' लिहिलं असेल तर फळ्यावरचं वजन नि आकडा जसाच्या तसा. 'स्केल्ड' म्हणजे आपल्या ताकदीप्रमाणे कमी केलेलं.

फळ्यावरचा आकडा सरावलेल्या माणसांसाठी असतो. नव्याने आलेलीला त्यातलं किती द्यायचं हे कोचने ठरवायचं, आणि त्यासाठी त्याला तुमच्याबद्दल काही गोष्टी कळायला हव्यात. नेमक्या त्याच गोष्टी बायका सांगत नाहीत. उडी मारली की लघवीचे थेंब जातात. उठताना पोट मधोमध उंच होतं. सिझरचा टाका ओढल्यासारखा वाटतो. या तीन वाक्यांवर पहिल्या महिन्यातला जवळजवळ सगळा व्यायाम ठरतो, म्हणून फी भरण्याआधी ती बोलायची. पुरुष कोचला सांगायला अवघड वाटत असेल तर व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा, पण पाठवा.

आधी घरी तपासा

बाळंतपण नॉर्मल असो वा सिझर, सहा आठवड्यांच्या तपासणीत डॉक्टरांनी 'व्यायाम चालेल' म्हटलं तर त्याचा अर्थ चालणं, श्वासाचे आणि हलक्या ताकदीचे व्यायाम. धावणं आणि उड्या किमान १२ आठवडे नाहीतच. ब्रिटनमधल्या फिजिओथेरपिस्टनी २०१९ साली बाळंतपणानंतरच्या धावण्याबद्दल सूचना काढल्या, त्यांतही हीच किमान मर्यादा आहे. सिझरची जखम वरून सहा आठवड्यांत बरी दिसते, पण आतल्या पडद्याची ताकद परत यायला सहा-सात महिने लागतात. तोवर जड वजन घाईने वाढवू नये.

१२ आठवडे उलटले की त्याच सूचनांतली चाचणी घरच्या घरी करता येते. घरी म्हणजे गच्चीवर किंवा आवारात. फ्लॅटमध्ये केलीत तर खालचे वर येतील. अर्धा तास भरभर चाला. मग एका पायावर १० सेकंद उभ्या राहा, दोन्ही बाजूंनी. एका पायावर थोडं वाकून उठा, प्रत्येकी १० वेळा. जागच्या जागी एक मिनिट जॉगिंग, मग पुढे १० लांब उड्या, शेवटी एकेका पायावर जागच्या जागी १० उड्या. यात कुठे दुखलं किंवा लघवी गळली तर जिथे तसं झालं तिथून पुढचं सगळं सध्या बंद. क्लासला जायला हरकत नाही, फक्त उड्या आणि धावणं वगळायचं. मात्र खाली काहीतरी उतरल्यासारखं, ओढल्यासारखं जड वाटत असेल तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. गर्भाशय किंवा मूत्राशय सरकलेलं असू शकतं. मूल शाळेत जाणारं असलं तरी ही चाचणी चुकवू नका. थेंब जाण्याचा त्रास वर्षांनुवर्षं टिकतो आणि बायका फक्त शिंकताना पाय आवळायला शिकतात.

पोटाची तपासणीही सोपी आहे. उताणं झोपा, गुडघे दुमडलेले. बोटं बेंबीपाशी रोवा आणि डोकं-खांदे जरासे उचला. दोन्ही बाजूंचे स्नायू बोटांना लागतील, त्यांच्यामध्ये किती बोटं मावतात ते पाहा. बेंबीच्या दोन इंच वर आणि दोन इंच खाली पुन्हा पाहा. दोनपेक्षा जास्त बोटं मावली, किंवा बोट काही अडसर न लागता खोल गेलं, तर पोटाचे स्नायू अजून दुरावलेले आहेत. अशा वेळी सिट-अप, व्ही-अप (उताण्याने हात-पाय एकदम वर), बारला लटकून पाय वर घेणं हे सगळं टाळायचं. त्याऐवजी कोचकडे 'डेड बग' (उताणं झोपून एक हात आणि विरुद्ध पाय सावकाश लांबवणं), टाच सरकवणं आणि बाकावर हात ठेवून केलेला तिरका प्लँक (अंग फळीसारखं ताठ धरणं) मागा. कोणत्याही व्यायामात पोट मधोमध डोंगरासारखं वर आलं की तो आज तुमच्यासाठी जड आहे, एवढी एक खूण लक्षात ठेवली तरी पुरे.

पेल्विक फ्लोअरचे, म्हणजे मूत्राशय आणि गर्भाशय खालून पेलणारे, स्नायू आवळायचा व्यायाम क्लासच्या महिनाभर आधी सुरू करा. वारा आणि लघवी दोन्ही एकदम रोखल्यासारखं आत-वर ओढायचं, सहा-आठ सेकंद धरायचं आणि तितकाच वेळ पूर्ण सैल सोडायचं. एका वेळी किमान ८, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. लघवी करता करता धार थांबवून सराव करू नये. सैल सोडणं बऱ्याच जणींना जमत नाही, आणि स्नायू सतत आवळलेला राहिला तरी लघवी गळते. तीन महिन्यांत फरक नाही पडला तर पेल्विक फ्लोअरचं काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे जा. मोठ्या रुग्णालयांत त्या असतात.

आणि हिमोग्लोबिन. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं. १२ च्या खाली असेल तर तिसऱ्या बर्पीला डोळ्यांपुढे अंधारी येते आणि बाई समजते, आपल्यात स्टॅमिनाच नाही. स्टॅमिना नंतर येईल, आधी लोह भरून काढा. बाळंतपणाला वर्ष झालं नसेल तर थायरॉइडही तपासून घ्या. ब्लड प्रेशर किंवा शुगरच्या गोळ्या सुरू असतील तर डॉक्टरांना 'व्यायाम करू का' असं मोघम विचारू नका. 'दम लागेपर्यंतचा व्यायाम, वजनं उचलून' असं स्पष्ट सांगा.

क्लास निवडताना

घरापासून किंवा शाळेच्या बस स्टॉपपासून चालत वा रिक्षाने २० मिनिटांच्या पलीकडचा क्लास घेऊ नका. कितीही नावाजलेला असो. बोरिवलीहून वांद्र्याला व्यायामाला जाणारी आई दुसऱ्या आठवड्यात मुलाच्या तापाने अडकते आणि तिसऱ्या आठवड्यात पॅकेज वाया जातं. सहाची बॅच डब्याच्या वेळेला भिडते. साडेनऊ-दहाची बॅच मुलं शाळेत गेल्यावरची. तिथे तुमच्यासारख्याच जणी भेटतात आणि गर्दीही कमी असते. नोकरी असेल तर संध्याकाळी सात-आठ, पण गाडीत दीड तास उभं राहून आलेल्या पायांना तो क्लास दुप्पट जड जातो. त्या दिवशी आकडा त्या हिशेबाने कापायचा.

आधी एक पूर्ण क्लास बाजूला उभं राहून बघा. कोच किती जणांचे गुडघे, पाठ, टाचा दुरुस्त करतो? एका कोचमागे दहा-बाराच्या वर माणसं असतील तर नवखीकडे लक्ष जात नाही. नव्यांसाठी वेगळे तीन-चार पायाभूत क्लास आहेत का? पुशअप न येणाऱ्या बाईला तो नेमकं काय करायला देतो? 'हळूहळू जमेल' हे उत्तर नव्हे. 'हात बाकावर ठेवून ८ कर' हे उत्तर. गाळ्यात किंवा बेसमेंटमध्ये क्लास असेल तर पंखे चालू आहेत का, हवा खेळती आहे का आणि बायकांसाठी स्वच्छ, कडी लागणारं टॉयलेट आहे का, हे बघून घ्या. टॉयलेटचा प्रश्न किरकोळ नाही. ज्या बाईला क्लासच्या मध्ये जावं लागेल याची धास्ती असते ती पाणी पीत नाही, आणि तिथून चक्कर सुरू होते.

'आज भरलंत तर वर्षाचं निम्म्यात' अशी ऑफर येईलच. पहिल्यांदा महिन्याचंच भरा. काउंटरवरची प्रोटीन पावडर आणि 'बिफोर-आफ्टर'चा फोटो, दोन्हींना नाही म्हटलं तरी कोणी काढून टाकत नाही.

अंगावर काय, पिशवीत काय

रनिंगचे मऊ, उंच तळव्याचे बूट वजनं उचलायला वाईट. टाच डगमगते आणि गुडघा आत जातो. सपाट, टणक तळवा असलेले साधे कॅनव्हासचे बूटही चालतात. पावसाळ्यात क्लासचे बूट प्लास्टिकच्या पिशवीत घालून न्या आणि तिथे बदला, कारण ओल्या बुटाने रबरी मॅटवर पाय घसरतो आणि बॉक्सवर चढताना तर हमखास. लेगिंग गडद रंगाची आणि कंबर पोटावर रुतणार नाही अशी. पॅड लावून जायला संकोच नको.

दागिन्यांचं सविस्तर सांगायला हवं, कारण क्लासच्या वेबसाइटवर हे कुणी लिहीत नाही. लांब मंगळसूत्र बारबेल खांद्यावर घेताना दांड्यात अडकतं. काढून चेनच्या कप्प्यात ठेवा, किंवा लहान असेल तर टी-शर्टच्या आत घालून वर चिकटपट्टी लावा. अंगठी तर नक्कीच काढा, दांड्याला लटकताना ती बोटाची कातडी ओढून काढू शकते. काचेच्या बांगड्या केटलबेलच्या गोळ्यावर आपटून फुटतात आणि मनगटात घुसतात. जोडवी उड्या मारताना बुटात बोटांना चेपतात. संध्याकाळी बोट सुजलं की कारण कळतं. सासूबाईंना बांगड्या काढलेल्या खपत नसतील तर एक धातूची ठेवून तिच्यावर घाम टिपायची मनगटपट्टी चढवा.

बाळ अंगावर पीत असेल तर निघण्याआधी पाजून किंवा दूध काढून निघा. भरलेल्या छातीने पालथं झोपणं आणि उड्या, दोन्ही असह्य होतं. घट्ट पट्ट्याची स्पोर्ट्स ब्रा हवी, पण क्लास संपल्यावर लगेच बदला. तासन्‌तास दाबून राहिली तर गाठी होतात. व्यायामाने दूध आटतं ही भीती खरी नाही, पुरेसं खाल्लं-प्यायलं तर आटत नाही.

खाणं आणि पाणी

रिकाम्या पोटी चहा पिऊन सहाच्या बॅचला जाणं हा मुंबईतल्या आयांचा आवडता प्रकार, आणि चक्कर येण्याचं पहिलं कारण. अर्धा तास आधी अर्धं केळं किंवा दोन खजूर आणि पेलाभर पाणी एवढं तरी पोटात हवं. दहाच्या बॅचला आठच्या सुमारास वाटीभर पोहे किंवा एक पोळी-भाजी. पोटभर उपमा खाऊन तासाभरात बर्पी मारल्या तर उपमा वर येतो.

क्लासनंतर तासा-दोन तासांत २० ग्रॅमच्या आसपास प्रोटीन. दोन अंडी आणि पेलाभर दूध मिळून तेवढं होतं. पनीर १०० ग्रॅम घेतलं तर साधारण १८. बांगड्याच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे २०. मूठभर शेंगदाण्यात ७-८, त्याला मटकीची उसळ आणि ताक जोडा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीत रोज दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम धरलं आहे. ६० किलोच्या बाईला ५० ग्रॅम, अंगावर पाजणारीला पहिले सहा महिने त्यावर आणखी १७. पोळी, भात, एक वाटी पातळ वरण यांत हा आकडा गाठला जात नाही. रोज एक पदार्थ मुद्दाम वाढवावा लागतो.

मुंबईच्या दमट हवेत घाम येतो पण वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही आणि त्याच कामाला छाती जास्त धडधडते. मे आणि ऑक्टोबरमध्ये म्हणूनच फेऱ्या कमी करायच्या. क्लासच्या आधीच्या दोन तासांत अर्धा लिटर पाणी, मध्ये घोट घोट, नंतर मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत. निर्जळी उपासाला क्लास नाही. नुसत्या संकष्टीला दोन तास आधी साबुदाण्याची खिचडी खाऊन हलकं काम चालेल, पण नवरात्रातल्या सलग नऊ दिवसांच्या उपासात जड वजनं नकोत.

तो एक तास

दहा मिनिटं आधी पोहोचा. एकदा लघवीला जाऊन या. 'असू दे बरं' म्हणून तीन-तीनदा जायची सवय मूत्राशयाला लावू नका. मग वॉर्म-अप १०-१२ मिनिटं, एखाद्या लिफ्टचा सराव १५-२० मिनिटं, मुख्य काम ८ ते २० मिनिटं, शेवटी ताणाचे व्यायाम.

किती जोर लावायचा? १ ते १० च्या मापावर पहिल्या क्लासला ६. एवढं की 'आज संध्याकाळी भाजी कोणती करू' हे वाक्य एका दमात बोलता यावं. 'भाजी...' म्हणून थांबावं लागलं तर ७ च्या वर गेलात. मनगटी घड्याळात दिसणारे हृदयाचे ठोके या बाबतीत फसवे आहेत. झोप, चहा, ऊन सगळं त्यात मिसळतं.

वर लिहिलेला फळा तुमच्यासाठी असा होईल: २०० मीटर धावण्याऐवजी १०० मीटर भरभर चालणं; १६ किलोच्या १० स्विंगऐवजी ८ किलोची केटलबेल जमिनीवरून उचलून ठेवणं, ८ वेळा; ८ बर्पींऐवजी बॉक्सवर हात टेकवून एकेक पाय मागे नेत केलेल्या ४. बारापैकी आठव्या मिनिटाला थांबलात तरी क्लास पूर्ण झाला. ८ किलो हास्यास्पद हलके वाटतील, वर्षभराचं पोर त्याहून जड असतं. वाटू देत. पोराला उचलताना पाठ कशी वाकते ते बघायला कुणी उभं नसतं, इथे असतं.

आता या उचलण्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त दुखापती इथे होतात आणि सगळ्यात जास्त फायदाही इथेच आहे. घरातला भरलेला गॅस सिलिंडर साधारण ३० किलो भरतो: १४.२ किलो गॅस, बाकी लोखंड. तो नळीपासून सोडवून सरकवताना कंबरेत उसण भरते, कारण आपण केर काढतो तसं पाठीतून वाकतो. डेडलिफ्टमध्ये, म्हणजे जमिनीवरून वजन उचलताना, वाकायचं ते खुब्यातून. भिंतीकडे पाठ करून वीतभर पुढे उभ्या राहा. गुडघे जरासे सैल. पाठ न वळवता बसायची जागा मागे ढकला, इतकी की ती भिंतीला टेकेल. जमलं की अर्धं पाऊल पुढे सरकून पुन्हा. पाठ सरळ आहे का हे बघायला केरसुणीचा दांडा पाठीवर उभा धरा. डोक्याचा मागचा भाग, दोन्ही खांद्यांमधली जागा आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी तो टेकलेला राहिला पाहिजे. यातलं एक जरी सुटलं तरी वजन हातात घ्यायची वेळ आलेली नाही. दांड्याने १० वेळा नीट जमलं की केटलबेल दोन्ही घोट्यांच्या मधोमध ठेवा. पायांपुढे ठेवलीत तर कंबर ओढली जाते. खाली जाताना श्वास आत, उचलताना तोंडाने 'फू' करून बाहेर, आणि त्याच वेळी पेल्विक फ्लोअर आत-वर. श्वास कोंडून उचललं की सगळा दाब खाली जातो. थेंब जातात ते त्याच क्षणी.

स्विंग हे याच हालचालीचं वेगवान रूप. पहिल्या दोन आठवड्यांत ते करूच नका. नवख्या बायका गुडघ्यातून खाली बसतात आणि हातांनी केटलबेल वर ओढतात. दुसऱ्या दिवशी खांदे आणि कंबर दोन्ही धरतात.

बैठक आपल्याला परकी नाही. ज्यांनी उकिडवं बसून भांडी घासली आहेत त्यांचे खुबे मोकळे असतात. ज्यांनी वीस वर्षं खुर्चीतच काम केलंय त्यांच्या टाचा उचलल्या जातात. टाच उचलली गेली की वजन चवड्यावर येतं आणि गुडघ्याची वाटी दुखते. अशा वेळी मागे बाक ठेवा, त्यावर अलगद टेकून उठा. गुडघे पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत, आत पडू द्यायचे नाहीत. ८ वेळांचे तीन संच जमले की बाक काढा.

वॉल बॉल म्हणजे जड चेंडू भिंतीवर उंच फेकून झेलणं. बायकांच्या फळ्यावर तो ६ किलोचा असतो, तुम्ही ३ घ्या. बॉक्स साधारण २० इंचांचा. तुम्ही १२ इंचांवर चढा-उतरा, उडी नाही. पुलअपऐवजी रिंगला धरून तिरकं ओढणं. रिकामा बारबेल 'फक्त दांडा' म्हणून हातात ठेवतील, पण बायकांचा तो दांडाच १५ किलोचा असतो. पीव्हीसी पाइप मागा.

लहान बाळाच्या आयांना अंगठ्याच्या मुळाशी मनगट दुखतं, कारण बाळाला दोन्ही काखांत हात घालून सतत उचलावं लागतं. तळहात टेकून पुशअप केलं की ते वाढतं. दोन डंबेल जमिनीवर ठेवून त्यांच्या मुठी धरा, किंवा पुशअप उभ्याने भिंतीवर.

चक्कर आली तर लगेच थांबा आणि आधाराने खाली बसा. जमलं तर पाय वर करून झोपा. अंधारी येऊन पडायलाच होतंय असं वाटलं तर आहे तिथेच बसा, डोकं खाली. छातीत दुखणं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, थंड घाम: क्लास तिथेच थांबवायचा आणि इस्पितळ.

दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी

मांड्या भरून येतात, रेल्वेचा पूल उतरताना कठडा धरावा लागतो. दुखणं ४८ तासांच्या सुमारास सर्वांत जास्त असतं, ७२ तासांत उतरायला लागतं. हलकं चालणं, कोमट पाण्याने आंघोळ, झोप. पेनकिलर घेऊन पुढच्या क्लासला जाऊ नका.

एक गोष्ट मात्र साधी नाही. लघवी चहा किंवा कोलासारखी काळपट झाली, स्नायू सुजून टणक झाले, हात कोपरात सरळ होईनात, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा आणि 'परवा पहिल्यांदा खूप व्यायाम केला' असं सांगा. स्नायूंचे तंतू मोठ्या प्रमाणावर तुटून त्यातलं द्रव्य मूत्रपिंडात अडकतं. असं होतं ते पहिल्याच दिवशी शंभर-शंभर आकडे मारल्याने, विशेषतः दांड्यावरून हळूहळू खाली येण्याचे प्रकार केल्याने, उकाड्यात, पाणी कमी पिऊन. कॉलेजात खेळलेल्या बायकांनी इथे जास्त जपावं, कारण त्यांची जिद्द जुनीच असते आणि स्नायूंचा सराव सुटलेला असतो.

पहिले चार आठवडे आठवड्याला दोनच क्लास, मध्ये दोन दिवसांचं अंतर. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम सुचवला आहे. ताकदीचे दोन दिवस क्लासमध्ये भागले, उरलेलं स्टेशनपर्यंत भरभर चालून होतं. रात्री बाळाने पाच तासही झोपू दिलं नसेल तर जा, पण सगळं निम्मं करा. ताप असेल तर जाऊ नका. महिन्याभरात वजनकाटा हलणार नाही, कदाचित अर्धा किलो वरही जाईल. दुखरे स्नायू पाणी धरून ठेवतात.

उड्या कधी, कशा क्रमाने

महिन्याने चाचणी पुन्हा करा. एकही थेंब न जाता, जडपणा न वाटता पार पडली आणि बाळंतपणाला १२ आठवडे उलटलेले असले तर उड्या सुरू. पहिल्या आठवड्यात फक्त चवड्यांवर उठून टाचा धाडकन खाली टाकायच्या, २० वेळा. दुसऱ्यात भिंत धरून बोटभर उंचीच्या १० उड्या, दोन वेळा. तिसऱ्यात आधाराशिवाय २० सेकंद. चौथ्यात दोरीवर ३० उड्या, मध्ये पूर्ण दम खाऊन आणखी ३०. उडी मारताना श्वास चालू ठेवा, आणि पाय टेकताना आवाज जितका कमी तितकं चांगलं. बॉक्सवर उडी सगळ्यात शेवटी, १२ इंचांवर, आणि खाली येताना उडी न मारता एकेक पाय टाकत उतरायचं. कुठल्याही टप्प्यावर गळलं तर आधीच्या टप्प्यावर दोन आठवडे, मग पुन्हा वर. क्लासच्या आदल्या रात्री खोकला असेल तर त्या दिवशी दोरी हातात घेऊच नका; खोकल्याने ते स्नायू आधीच थकलेले असतात.